जिथं काजळी बसली नाही

मी या घरात आले तेव्हा माझ्या पेटीत
दोन रजया, एक आरसा
आणि आईची कात्री, टोकाशी जराशी वाकडी.
सासूबाई म्हणाल्या, वाघ काप.
मी कापला.
त्यांनी तो उजेडात धरला, बराच वेळ,
मग म्हणाल्या,
तुमच्या गावचे वाघ उपाशी दिसतात.

पीत नदीच्या वळणाआड
पिवळ्या मातीच्या कड्यात खणलेली आमची घरं.
उजेड एकाच अंगानं येतो,
म्हणून खिडकी हाच घराचा चेहरा.
वर्ष सरताना जुना कागद फाडायचा,
नवा पांढरा खळीनं डकवायचा,
त्यावर लाल फुलं.
फुलं म्हणायचं नुसतं.
असतात मासे, कोंबडे, डाळिंबं,
सशाला वेटोळं घालून बसलेला साप.
साप आणि ससा एका घरात आले
की धान्य सरत नाही म्हणे.
आमच्या लग्नातही तोच लावला होता.
दोघांत साप कोण, कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

पाऊस थांबेना झाला, तर केरसुणीवाली बाई कापून
दोऱ्यानं बाहेर टांगायची.
ती आभाळ झाडते.
पोर तापानं फणफणलं, तर
दोन अंबाड्यांची, हात वर केलेली बाहुली दाराशी.
वाट चुकलेल्या जिवाला ती हाक मारते.
धाकट्याच्या वेळी मी सात कापल्या.
आला तो परत.
थोरलीच्या वेळी
घरात लाल कागद नव्हता.

जुनं ते सगळं जाळायला पोरं आली, त्या वर्षी
सासूबाईंनी खिडकीवर ट्रॅक्टर लावला.
शाबासकी मिळाली, वर साखरेची पुडी.
त्याच्या मागच्या चाकाचे आरे
कुणी मोजले नाहीत.
आठ पाकळ्या होत्या, कमळाच्या.

हे सगळं वर्षभरात विटतं,
फाटतं, चुलीत जातं.
मागं राहतो तो धुराचा नमुना.
जुनं कापलेलं कोऱ्या कागदावर ठेवायचं,
पाणी शिंपडून फळीला चिकटवायचं,
आणि फळी पालथी धरायची
रॉकेलच्या दिव्यावर.
हात भरून येतात, डोळे चुरचुरतात.
सगळं काळं झालं की वरचं सोलून टाकायचं.
ते काही कामाचं उरत नाही.
खाली असतो पांढरा कोंबडा,
म्हणजे काजळी जिथं बसली नाही
तेवढी जागा.
तीच पुढच्या हाताला द्यायची.

आता सून दक्षिणेत, कारखान्यात.
तिथलं यंत्र एका दाबात पाचशे मासे कापतं.
प्लॅस्टिकचे धाडते ती, गोंद लागत नाही, विटत नाहीत.
मी लावते. आता काचच आहे खिडकीला.
पण वर्ष संपलं
तरी मासे तसेच लालबुंद,
आणि फाडायला काही नसलं
की नवं वर्ष आलंय असं
हाताला कळत नाही.

परवा शहरातून झान वेनश्यू आली, संग्रहालयातली.
पांढरे हातमोजे घातलेली पोर.
म्हणाली, मावशी, सर्वांत जुनं कोणतं?
मी सासूबाईंची वही काढली,
चपलांच्या तळव्यांची मापं ठेवायची ती.
त्या जाऊन अकरा हिवाळे झाले,
शेवटपर्यंत कधी मी उलटली नव्हती.
पानापानांत काजळी.
बोट लागलं की बोट काळं.
कमळं. मासे. ट्रॅक्टरसुद्धा.
आणि टाचांच्या मापांमध्ये कुठंतरी
एक वाघ,
बरगड्या मोजता येतील असा.

बाईंनी तो कधी दिव्यावर धरला होता
कोण जाणे.

झाननं विचारलं, याचा अर्थ काय?
मी म्हटलं, काही नाही गं,
चुकलेला आहे तो.
बाकीचे ने.